व्यायामाचीही मात्रा लिहा



पीटीच्या तासाला शाळेच्या पटांगणाच्या कडेला एकदोन मुलं हमखास बसलेली दिसतात. बाकीच्यांची दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायचं काम त्यांच्याकडे असतं. घरून चिठ्ठी आलेली असते, ‘दम्याचा त्रास आहे, खेळायला लावू नये’. पुष्कळदा ही चिठ्ठी डॉक्टरांच्याच सल्ल्याची. पुढे ही मुलं मोठी होतात, जिना टाळतात, दोन स्टॉपसाठी रिक्षा करतात. पन्नाशीत त्यांना धाप लागते तेव्हा ती आवळलेल्या श्वासनलिकांमुळे लागली की वर्षानुवर्षं न वापरलेल्या पायांमुळे, हे तपासणाऱ्यालाही चटकन सांगता येत नाही.

उलट उदाहरण १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं. अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामानंतर श्वासनलिका आवळण्याचा त्रास असल्याचं आढळलं. या ६७ जणांनी मिळून ४१ पदकं जिंकली. ते कुणी चमत्कारी नव्हते. त्यांची आधी तपासणी झाली होती, उपचार ठरले होते, आणि शरीर कितपत ताणायचं हे त्यांना शिकवलेलं होतं.

त्रास होतो कसा, हे एकदा समजलं की भीती निम्मी ओसरते. धावताना छातीत ये-जा करणारी हवा कित्येक पटींनी वाढते आणि तोंडाने श्वास सुरू होतो. हवा कोमट आणि ओलसर करायचं नाकाचं काम मग श्वासनलिकांच्या अंगावर पडतं. त्यांच्या अस्तरावरचं पाणी उडून जातं, उरलेला थर जास्त खारट होतो, पेशी चिडतात, हिस्टामिनसारखी द्रव्यं सोडतात आणि भोवतीचे स्नायू आवळतात. सिडनीच्या सँड्रा अँडरसन यांनी ही उपपत्ती अनेक वर्षं खपून उभी केली. गंमत अशी, की त्रास बहुधा थांबल्यावर पाचदहा मिनिटांनी शिगेला पोचतो. आणि एकदा होऊन गेला, की बऱ्याच जणांना पुढचे दोनेक तास तो फारसा होत नाही. सुरुवातीला थांबत-थांबत अंग गरम करून घ्यायचं, ते यासाठीच.

एवढं ठाऊक असूनही फुप्फुसांच्या पुनर्वसनाचे, म्हणजे देखरेखीखाली व्यायाम शिकवणारे कार्यक्रम प्रामुख्याने सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या रुग्णांभोवती वाढले. दमेकऱ्याला पंप मिळाला, ‘थोडं चालत जा’ एवढं तोंडी सांगणं मिळालं, आणि प्रकरण मिटलं. भारतात दम्याचे रुग्ण साडेतीन कोटींच्या आसपास आहेत. त्यातले किती जण फिजिओथेरपिस्टच्या दारापर्यंत पोचतात, हे या सभागृहात बसलेल्यांना वेगळं सांगायला नको.

पुरावा काय म्हणतो? संशोधनांचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये प्रौढ दमेकऱ्यांवरच्या १० अभ्यासांचा, एकूण ८९४ रुग्णांचा आढावा घेतला. पुनर्वसन केलेल्यांचं सहा मिनिटांत चालायचं अंतर सरासरी सुमारे ८० मीटरने जास्त भरलं, जगणंही सुधारल्याचं दिसलं. मात्र दम्यावरच्या नियंत्रणात फारसा फरक पडल्याचं ठामपणे दिसलं नाही. हे दुसरं वाक्य पेशंटला सांगताना गाळायचं नसतं. चालण्याने पंप सुटतो अशी आशा दाखवणारा माणूस उपचारकच नव्हे. श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड हा उपचाराचा पाया; व्यायाम त्याच्या बदल्यात नाही, त्याच्या जोडीला आहे. दमा आटोक्यात नसेल तर आधी औषधं नीट बसवायची, मग ट्रेडमिल.

साओ पाउलोच्या एका अभ्यासाची हकीकत मराठी माणसाला विशेष रंजक वाटावी. २०१५ साली ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. मध्यम आणि तीव्र दम्याचे ५८ रुग्ण, दोन गट, तीन महिने. एक गट आठवड्यातून दोनदा ट्रेडमिलवर चालला. दुसऱ्या, तुलनेच्या गटाला श्वसनाचे व्यायाम दिले. त्यात होते कपालभाती, उड्डियान आणि अग्निसार! शेवटपर्यंत टिकलेल्या ४३ जणांच्या नोंदींवरून दिसलं, की श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता आणि रक्तातली दाहाची काही चिन्हं कमी झाली ती ट्रेडमिलवाल्यांची. यावरून प्राणायाम टाकाऊ ठरत नाही. पण ‘रोज सकाळी कपालभाती करतो, मग चालायला कशाला जाऊ’ असं विचारणाऱ्याला द्यायला उत्तर मिळालं.

आपल्याकडे कोजागरीच्या रात्री दम्याच्या औषधासाठी रांगा लागतात, मृगाला माणसं हैदराबादला जिवंत मासा गिळायला जातात. त्यांना हसणं सोपं आहे. पण तिथे निदान काय गिळायचं, कधी आणि किती, हे स्पष्ट सांगितलेलं असतं. आपल्या ‘व्यायाम करा’मध्ये यातलं काहीच नसतं.

म्हणून अध्यक्ष या नात्याने माझा आग्रह एवढाच, की व्यायाम चिठ्ठीवर औषधासारखा, मात्रेसह लिहावा. आठवड्यातून किती दिवस, किती मिनिटं, कितपत धाप लागेपर्यंत. बोर्ग यांची शून्य ते दहाची पट्टी त्यासाठीच आहे. तीन-चारच्या आसपास, म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इथवर. डॉक्टरांनी सांगितलं असेल त्यांनी निघण्याआधी दहापंधरा मिनिटं पंप घ्यायचा, स्पेसर लावून. पीक फ्लो, म्हणजे जोराने फुंकलेल्या श्वासाचा वेग, रोजच्यापेक्षा बराच खाली असेल, छातीत शिट्टी वाजत असेल, तर त्या दिवशी सुट्टी. आणि ‘पहाटे फिरा’ हा सरसकट सल्ला तर थांबायलाच हवा. डिसेंबरात शहरातली पहाटेची हवा थंड असते, धूर जमिनीलगत साचलेला असतो. ऊन चढल्यावर, नाही तर घरातल्या घरात चाललं तरी चालतं.

मात्रा ठरवायची तर आधी रुग्णाची चालण्याची क्षमता मोजावी लागते, आणि या मोजमापाचा अडसर मात्र खरा आहे. सहा मिनिटं चालायच्या चाचणीला ३० मीटरचा सरळ, मोकळा कॉरिडॉर लागतो. तालुक्याच्या रुग्णालयात कॉरिडॉर असतो, मोकळा नसतो. तिथे स्ट्रेचर असतं, नातेवाइकांचे डबे असतात, कुणीतरी चटई टाकून झोपलेलं असतं. लेस्टरच्या सॅली सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेली शटल चाचणी इथे कामाची आहे. १० मीटरचा पट्टा, दोन शंकू आणि बीप वाजवणारी ध्वनिफीत, बस्स. सुरुवातीचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, दर मिनिटाला तो थोडा वाढतो, एकूण बारा टप्पे. बीपच्या आत पुढचा शंकू गाठता आला नाही, की चाचणी संपली. त्याच लेस्टरच्या पुढाकाराने ‘ग्लोबल रिचार्ज’ प्रकल्पात भारत, श्रीलंका, युगांडा आणि किर्गिझस्तान इथे, तिथल्या परिस्थितीला बेतून पुनर्वसनाचं काम झालं.

दुपारच्या सत्रात शटल चाचणी बाहेरच्या व्हरांड्यात करून दाखवणार आहेत. सहावारी साडी आणि घसरत्या चपलांत आलेल्या बाईंचा वेग आठव्या टप्प्यावर कसा मोजायचा, त्यांनी बूट आणायचे की आपण रुग्णालयात दोनचार मापांचे ठेवायचे, आणि त्याचे पैसे कुठल्या खात्यातून, हे प्रश्न तिथे जरूर विचारावेत.