स्पर्धेतील सात मिनिटे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त लखनौ येथे भरलेल्या बाल व तरुण वादकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी गायक नाही, वादकही नाही. माझी सारी नोकरी केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात, म्हणजे दुसऱ्यांच्या हिशेबांतील चुका शोधण्यात गेली. तेव्हा हा गृहस्थ संगीतावर काय बोलणार, अशी शंका आपल्या मनात आली असेल तर ती रास्तच आहे. परंतु चिटणीस म्हणाले, ‘‘पुढील महिन्यात आपली काही मुले शहरातील वाद्यवादन स्पर्धेत प्रथमच उतरणार आहेत. तुम्ही त्या वाटेने गेलेले पालक आहात. आईवडिलांशी दोन गोष्टी बोला.’’ या विनंतीला नाही म्हणणे मला जमले नाही. आज मी दुसऱ्याचा नव्हे, तर माझाच एक जुना हिशेब आपणांपुढे तपासणीसाठी ठेवणार आहे.

तत्पूर्वी, आपण कोणत्या शहरात बसलो आहोत याची मुलांना थोडी आठवण करून देतो. मुंबईत वकिली केलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. या परिषदांच्या मालिकेतील दोन अधिवेशने लखनौस झाली आणि त्यांतून १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज उभे राहिले. कैसरबागेतील ती संस्था आज भातखंड्यांच्याच नावाने ओळखली जाते. ‘क्रमिक पुस्तक मालिका’ हा त्यांचा बंदिशींचा संग्रह मूळ मराठीत सिद्ध झाला. म्हणजे आपले शेजारी मिश्राजी किंवा श्रीवास्तवजी यांची मुले ज्या बंदिशी शिकतात, त्यांतील कित्येक प्रथम मराठी पुस्तकात स्वरलिपीबद्ध झाल्या. भातखंडे बी.ए. होते आणि मीही बी.ए. आहे, आमच्यातील साम्य मात्र तेथेच संपते.

याच कॉलेजात पंडित विष्णु गोविंद जोग यांनी व्हायोलिनचे अध्यापन केले. पुढे ते आकाशवाणीत गेले, कलकत्त्यास स्थिरावले आणि तेथेच २००४ साली निवर्तले. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईबरोबरची त्यांची जुगलबंदी रसिक अजून विसरलेले नाहीत. महाराष्ट्राबाहेर आयुष्याचा मोठा भाग काढूनही मोठे होता येते, याचे हे उदाहरण आपल्या घरातलेच म्हणावयाचे. जोगांचे नाव घेण्यास आणखी एक कारण आहे. लयीशी खेळणे आणि तबल्याशी संवाद साधणे हा त्यांच्या वादनाचा प्राण होता. माझी चूक नेमकी याच जागी झाली.

२०११ साली माझी बदली या शहरात झाली. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती आणि व्हायोलिन शिकत होती. बदलीच्या नोकरीत मुलांच्या शाळा सुटतात, मैत्रिणी सुटतात, हे आपण सारे जाणतोच. गुरूही सुटतात, याची जाणीव मला उशिरा झाली. लखनौचे मास्टरसाहेब हे तिचे तिसरे गुरू. पहिल्या दोघांची गज धरण्याची रीत निराळी होती. ती मोडून नवी बसविण्यात तिचे एक वर्ष गेले. तिने कधी तक्रार केली नाही.

२०१३ च्या अखेरीस येथे तरुण वादकांची एक स्थानिक स्पर्धा जाहीर झाली. प्रत्येकास सात मिनिटे, सहाव्या मिनिटाला सूचनेची घंटा, साथीला संयोजकांचा तबलजी, अशी नियमावली होती. माझ्या पुढच्या बदलीचे वारे वाहू लागले होते. नव्या गावी नवा गुरू शोधावा लागेल, तेव्हा हातात एखादे प्रमाणपत्र असावे, असा माझा विचार होता. मुलीला वाजवावेसे वाटते काय, हे मी विचारले नाही. अर्ज मीच भरला आणि सही तेवढी तिची घेतली.

मग मी सात मिनिटांचे अंदाजपत्रक तयार केले. दीड मिनिट आलाप, साडेतीन मिनिटे मध्यलयीतील गत, दीड मिनिट द्रुत गत आणि अर्धे मिनिट तिहाईसाठी राखीव. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत त्रितालाचे एक आवर्तन आठ सेकंदांत पुरे होते, हेही मी काढले होते. रोज संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक तबला लावून आणि हातात घड्याळ घेऊन मी तिच्यासमोर बसत असे. रागही मीच ठरविला होता, भीमपलास.

शेजारच्या घरातील एक मुलगा तबला शिकत असे. मास्टरसाहेबांनी दोनदा निरोप पाठविला, ‘‘बिटिया को उस लड़के के साथ बैठाइए. मशीन गलती नहीं करती, इसलिए कुछ सिखाती भी नहीं.’’ मला ते पटले नाही. दोन मुले एकत्र बसली की निम्मा वेळ गप्पांत जाईल, असा माझा हिशेब होता. मी तिला एकदाही जाऊ दिले नाही.

स्पर्धेचा दिवस उजाडला. डिसेंबरातील लखनौची थंडी आपणांस ठाऊक आहेच. बाहेरच्या गारठ्यातून आम्ही ऐन वेळी सभागृहात शिरलो. आत माणसांची ऊब आणि दिव्यांची धग होती. अशा वेळी गार तारा तापून सैल पडतात आणि स्वर उतरतो. तिला मंचावर बसूनच खुंट्या पिळाव्या लागल्या. सा पुरता जुळण्याआधीच परीक्षकांनी सुरुवात करण्याची खूण केली.

आलाप बरा झाला. गत सुरू झाली. साथीचे गृहस्थ वयाने ज्येष्ठ आणि हाताचे तयार होते. दोन-तीन आवर्तने सरळ ठेका धरल्यावर, कोणताही जिवंत तबलजी करील त्याप्रमाणे, त्यांनी समेपूर्वी एक लहानसा मुखडा घेतला. आमच्या यंत्राने कधी मुखडा घेतला नव्हता. माझी मुलगी दचकली आणि तिची सम चुकली. तिने घाईने गत पुन्हा धरली, पण ती नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर पडली. मग तिने माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहत होतो.

द्रुत गतीपर्यंत ती पोहोचलीच नाही. घंटा झाली, तिने नमस्कार केला आणि खाली आली. अजून पुष्कळ मुले वाजवायची होती. ती हळूच म्हणाली, ‘‘बाबा, थोडा वेळ ऐकत बसूया का?’’ मी नाही म्हणालो. लोकांनी तिच्याकडे पाहावे हे मला नको होते. खरे सांगायचे तर त्यांनी माझ्याकडे पाहू नये, असे मला वाटत होते. मी घाईघाईने व्हायोलिन पेटीत ठेवले आणि आम्ही घरी आलो.

त्या रात्री मी संयोजकांना उद्देशून दोन पानी पत्र लिहिले. आक्षेप लिहिण्याचा सराव असल्यामुळे पत्र चांगले उतरले होते. साथीदाराने स्पर्धकास पूर्वसूचना न देता ठेक्यात फेरफार केला, सबब निकालाचा फेरविचार व्हावा, असा त्याचा आशय होता. सकाळी मुलीने ते टेबलावर पाहिले. ती म्हणाली, ‘‘बाबा, तबला बरोबर होता. सम माझी चुकली. हे पत्र पाठवू नका.’’

मी पत्र पाठविले नाही. पण पेटी मिटली ती मिटलीच. एक महिना गेला, दोन गेले. मी विचारले की ती ‘‘अभ्यास आहे’’ म्हणे. मास्टरसाहेबांनीही विचारणे सोडले. इकडे माझी बदली लांबली. प्रमाणपत्राची निकड संपली होती आणि वादनही संपले होते. आठ महिने आमच्या घरात व्हायोलिनचा एक स्वर निघाला नाही.

२०१४ च्या गणेशोत्सवात, याच मंडळाच्या कार्यक्रमात, शेजारच्या त्या मुलाचा एकल तबला ठेवला होता. नगम्याला बसणारे हार्मोनियमवादक ऐन वेळी आजारी पडले. तो मुलगा आमच्या घरी आला आणि माझ्याशी न बोलता थेट तिला म्हणाला, ‘‘दीदी, लहरा दे दोगी? बस एक ही आवर्तन है.’’ तिने आठ महिन्यांनी पेटी उघडली. आत गज ताणलेलाच होता. वादन संपल्यावर गजाचे केस सैल करून ठेवावेत, हा व्हायोलिनचा पहिला धडा. त्या दिवशी घाईत तो मी तसाच ठेवला होता आणि त्याच्या काठीचा बाक बिघडला होता. तो गज मी अजून जपून ठेवला आहे. कचेरीतील कोणत्याही कागदापेक्षा त्या लाकडाने माझ्यावर घेतलेला आक्षेप मला अधिक मान्य आहे.

मास्टरसाहेबांकडून दुसरा गज आणला. त्या संध्याकाळी तिने वीस मिनिटे त्रितालाचे एकच आवर्तन वाजविले. मुलगा कायदे घेई, रेले घेई, तिहाया घेई, आणि ती दर सोळा मात्रांनी सम त्याच्या हातात नेऊन ठेवी. जी सम आठ महिन्यांपूर्वी तिच्या हातून निसटली होती, ती आता ती दुसऱ्यासाठी सांभाळून होती. त्यानंतर दर रविवारी दोघेही एकत्र बसू लागली. गप्पाही होत असत. मी घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवले.

त्याच वर्षी डिसेंबरात ती पुन्हा त्या स्पर्धेत उतरली. या वेळी अर्ज तिने स्वतः भरला. गतीच्या मध्यावर ती पुन्हा एकदा चुकली, पण गज उचलून क्षणभर थांबली, ठेका ऐकला आणि मुखडा धरून नेमकी समेवर आली. साथीदारांनी मान डोलावली. तिला तिसरा क्रमांक मिळाला. आम्ही शेवटच्या स्पर्धकापर्यंत बसलो. परत येताना रिक्षात ती स्वतःविषयी काहीच बोलली नाही. एका लहान मुलाने सरोदवर वाजविलेल्या दुर्गा रागाविषयी बोलत राहिली. आज ती नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरी असते आणि तेथील मराठी मंडळात नाट्यगीतांना साथ करते. ती मोठी कलावंत झाली नाही. पण वाद्य तिच्याबरोबर राहिले आहे.

पालकहो, या अनुभवातून मला जे उमगले ते थोडक्यात सांगतो. अर्ज मुलाला भरू द्या. यंत्राबरोबर सराव अवश्य करावा, पण स्पर्धेपूर्वी निदान पाच-सहा वेळा हाडामांसाच्या तबलजीबरोबर, आणि शक्य तर निरनिराळ्या तबलजींबरोबर, मुलाला बसवा. संयोजकांचा तबला कोणत्या पट्टीत असेल, हे आधी विचारून घ्या. सभागृहात अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा, म्हणजे वाद्याला तेथील हवा मानवेल. सात मिनिटांत सारे काही दाखविण्याचा हट्ट नको. थोडे वाजवावे, पण स्वस्थपणे वाजवावे. आणि चूक झाली तर काय करायचे, याचाही सराव घ्या. आपण मुलांना न चुकण्याचा सराव देतो. चुकल्यावर थांबून, ऐकून, पुन्हा समेवर येण्याचा देत नाही.

आणि बालमित्रांनो, तुमची सात मिनिटे संपली की घरी जाण्याची घाई करू नका. इतरांचे ऐका. परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हे फार अगत्याचे आहे. आपले गाव, आपले गुरू, आपल्या शाळा बदलत राहतात. पण जेथे जाल तेथे कोणी तरी ठेका धरलेला असतो. तो ऐकता आला की परके गाव फार दिवस परके राहत नाही.

शेवटी कार्यकारिणीस एक नम्र विनंती. मंडळाचे हे सभागृह रविवारी सकाळी बहुधा बंद असते. ते दोन तास मुलांच्या एकत्र सरावासाठी उघडावे. तबल्याची एक जोडी आणि चार सतरंज्या एवढाच खर्च आहे. आवश्यक वाटल्यास त्याचा हिशेब मी विनामूल्य तपासून देईन. किल्ली माझ्याकडे दिलीत तर दार उघडण्याचे कामही करीन, आणि मुले वाजवीत असताना बाहेर बसेन.