मुदतीतली कादंबरी



कादंबरीकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. खिडकीशी मेज, बाहेर पाऊस, आणि लेखणी हातात धरून प्रतिभेची वाट पाहणारा एक भावुक गृहस्थ! छापखान्यातल्या माणसाला हे चित्र दाखवाल तर तो हसेल. त्याच्या लेखी कादंबरीकार म्हणजे ठरल्या दिवशी मजकूर न देणारा इसम. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढले व त्यातून आपल्या कादंबऱ्या क्रमशः चालविल्या. आठवड्याचा अंक काही कोणाच्या प्रतिभेसाठी थांबून राहत नाही. तेव्हा मुदत आणि कादंबरी यांचा संबंध जुना आहे. हा संबंध लेखकाला मारक की तारक, एवढाच आजचा माझा प्रश्न. आणि त्याच्या उत्तरासाठी मी आपणांस रशियात, डोस्टोव्हस्कीच्या घरी घेऊन जाणार आहे.

१८६४ साली डोस्टोव्हस्कीची पहिली पत्नी वारली, आणि त्याच वर्षी थोरला भाऊ मिखाइलही गेला. भावाच्या मागे राहिलेले कुटुंब आणि त्यांच्या मासिकाचे कर्ज, दोन्ही याने आपल्या शिरावर घेतले. सावकार दाराशी बसू लागले. अशा वेळी, १८६५ च्या उन्हाळ्यात, स्टेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाने तीन हजार रुबल पुढे केले आणि एक करारनामा लिहून घेतला. पुढच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपर्यंत एक नवी कादंबरी द्यायची. न दिल्यास पुढील नऊ वर्षे डोस्टोव्हस्की जे लिहील ते प्रकाशकाने एक कवडीही न देता छापावे! जुगाराच्या मेजावर या लेखकाने पुष्कळ पैसा घालवला होता. पण एवढा मोठा डाव तो तिथेही खेळला नसेल.

१८६६ चा सप्टेंबर सरला, तरी या कादंबरीची एक ओळ कागदावर नव्हती. आळस म्हणावा, तर तसेही नाही. त्याच वर्षी 'गुन्हा आणि शिक्षा' एका मासिकातून क्रमशः येत होती, आणि तिच्यापुढे दुसरे काही सुचत नव्हते. मित्रांनी तोड काढली, की आपण प्रत्येकाने एकेक भाग लिहू, तुम्ही वर नाव घाला. त्याने साफ नकार दिला. दुसऱ्याच्या लेखनावर आपले नाव घालणे त्याला मान्य नव्हते. तेव्हा लघुलेखकाचा शोध झाला, आणि ४ ऑक्टोबरला ॲना स्नित्किना ही वीस वर्षांची मुलगी त्याच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात नव्या पेन्सिली. उरले होते चार आठवडे.

पहिला दिवस वाईटच गेला. त्याने भरभर सांगितले, तिने हळू सांगण्याची विनंती केली. मग उतारा तपासून, एक पूर्णविराम राहिल्याबद्दल तो तिच्यावर रागावला. पण दोनचार दिवसांत कामाला घडी बसली, आणि ती घडीच आपण नीट पाहण्यासारखी आहे. रात्री तो एकटा बसून दुसऱ्या दिवसाचा मजकूर जुळवी. दुपारी बारा वाजता ॲना येई. चार वाजेपर्यंत काम चाले. पण सलग नव्हे. अर्धापाऊण तास तो खोलीत येरझारा घालीत सांगे, मग चहा आणि गप्पा, मग पुन्हा मजकूर. ती घरी जाऊन लघुलिपीचे सुवाच्य अक्षरांत रूपांतर करी, आणि दुसऱ्या दिवशी ते ताव त्याच्यापुढे ठेवी. तो ते वाचून दुरुस्त करी. आज किती ताव झाले हे तो रोज विचारी, आणि आकडा वाढताना पाहून त्याचा धीर वाढे.

यात रचणे, सांगणे, उतरवणे आणि सुधारणे या चार क्रियांना दिवसाचे चार वेगळे प्रहर मिळाले, हे आपल्या ध्यानात आले असेलच. एरवी लेखक या चारही गोष्टी एकाच वेळी करू पाहतो. एक वाक्य लिहितो, तेच खोडतो, पुन्हा लिहितो, आणि संध्याकाळी पाहावे तर कागद काळा झालेला आणि कथा जिथल्या तिथे! डोस्टोव्हस्कीला हे करण्याची सोय उरली नाही. बोललेले वाक्य हातातून सुटून दुसऱ्याच्या वहीत जाई; ते भेटे दुसऱ्या दिवशी, परक्या हस्ताक्षरात. स्वतःचे लिहिणे परक्या अक्षरांत वाचले की माणूस आपोआप त्याचा वाचक होतो, आणि वाचकाला जे खुपते ते लेखकाला पुष्कळदा दिसतही नाही.

याच्या उलट फ्रान्समधला बाल्झाक पाहा. मध्यरात्री उठून, कॉफीवर कॉफी रिचवीत तो लिही; पण त्याचे खरे लेखन सुरू होई ते मुद्रिते हाती आल्यावर. समासात इतका नवा मजकूर भरे की जुळाऱ्यांना ते काम शिक्षेसारखे वाटे, आणि दुरुस्त्यांच्या खर्चापायी त्याच्या मिळकतीला मोठी कात्री लागे. त्यातून थोर कादंबऱ्या निघाल्या हे खरे. पण त्या पद्धतीची किंमत त्याच्या प्रकृतीने आणि खिशाने मोजली.

'जुगारी' सव्वीस दिवसांत पुरी झाली. ३१ ऑक्टोबरला शेवटचे ताव तपासून झाले. १ नोव्हेंबरला लेखक हस्तलिखित घेऊन गेला, तो प्रकाशक गावाला गेलेला! कारकुनाने कागद घेण्याचे नाकारले. पण असे काही होईल हा संशय ॲनाला आधीच आला होता, आणि एका वकिलाचा सल्लाही तिने आईमार्फत मिळवून ठेवला होता. रात्री दहाच्या सुमारास पोलीस ठाण्यावर हस्तलिखित दाखल झाले आणि पावती हाती पडली. नऊ वर्षे वाचली.

गोष्ट येथे संपती, तर मुदतीने कादंबरी लिहविली असे आपण म्हटले असते. पण पुढे काय झाले? मुदत गेली, आणि दिनक्रम राहिला. त्याच नोव्हेंबरात ॲनाला तोंडी सांगून 'गुन्हा आणि शिक्षा'चा शेवटचा भाग सिद्ध होऊ लागला, आणि १८६७ च्या फेब्रुवारीत दोघांचे लग्न झाले. पुढे १८७३ साली त्यांनी पुस्तक स्वतःच छापून विकले, आणि 'कारामाझोव्ह बंधू' तर तिलाच अर्पण झाली आहे.

तात्पर्य, मुदत लेखकाला मेजाशी आणून बसवते, याहून अधिक ती काही करीत नाही. लेखन होते ते दिवसाच्या आखणीने, आणि सुधारते ते दुसऱ्या दिवशीच्या थंड डोळ्यांनी. या सभेत जे तरुण लेखक असतील, त्यांनी कोणाशीही स्टेलोव्हस्कीसारखा करार करू नये. पण आजचे लिहिणे उद्या परके म्हणून वाचावे, एवढा करार स्वतःशी अवश्य करावा.