पूररेषा कोणासाठी?



12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. नदीलाही तिची जागा लागते, हा त्या दिवसाचा धडा. पुढे महाराष्ट्रात त्या जागेला नियमांची भाषा मिळाली: सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई. दोहोंमधल्या पट्ट्यात जोत्याच्या उंचीसारख्या अटींवर परवानगी.

परंतु ही रेषा सर्वांना सारखीच लागू होते काय? तिच्या आतील झोपडी अतिक्रमण ठरते. त्याच पात्रात भराव घालून केलेला रस्ता मात्र विकास ठरतो. भरावाने अडलेले पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या सखल वस्तीत शिरते. 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढताच सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्यात गेली.

म्हणून मागण्या दोन. विसर्गाच्या ताज्या आकड्यांवरून पूररेषा नव्याने आखून तिचे नकाशे वॉर्डावॉर्डांत लावावेत. आणि काठावरून ज्याला उठवायचे, त्याला आधी जवळच घर द्यावे. नदीला जागा करून देण्याची किंमत एकट्या गरिबानेच का मोजावी?