राज्याची सीमा आणि पगाराचा हिशेब



दिल्लीतील आपल्या कित्येक कुटुंबांत सकाळी एक माणूस यमुना ओलांडून नोएडास जातो, तर दुसरा गुरुग्रामची वाट धरतो. एका घराचा संबंध असा तीन राज्यकारभारांशी येतो. मग कर कोणास द्यावयाचा, हा प्रश्न साहजिकच पुढे येतो.

प्रथम एक भय दूर करू. शेतीचे उत्पन्न वगळता प्राप्तिकर आकारण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राकडे ठेवला आहे. घर एका राज्यात व कचेरी दुसऱ्या राज्यात असली, तरी विवरणपत्र एकच. न्यू जर्सीत राहून न्यू यॉर्कमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना मात्र दोन्ही राज्यांचा हिशेब द्यावा लागतो.

व्यवसाय कर हा राज्यांचा विषय. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदातील त्याची २५० रुपयांची वार्षिक मर्यादा १९८८ च्या साठाव्या दुरुस्तीने २,५०० रुपये झाली. दिल्ली, हरियाणा व उत्तर प्रदेश येथे हा कर नाही. परंतु महाराष्ट्रात बदली झालेल्याच्या पगारातून, वेतन ठराविक मर्यादेपुढे असल्यास, दरमहा २०० व फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. तेथे दचकण्याचे कारण नाही.

खरा फरक पडतो तो घरभाडे भत्त्यात. जुन्या करप्रणालीत सवलत मोजताना कचेरी कोठे आहे हे पाहत नाहीत. भाड्याचे घर कोठे आहे हे पाहतात. दिल्लीतील घरास वेतनाच्या ५० टक्क्यांची मर्यादा, नोएडा वा गुरुग्राममधील घरास ४० टक्क्यांची. नव्या प्रणालीत ही सवलतच नाही. म्हणून स्वस्त भाड्यासाठी घर हलविण्यापूर्वी भाडे, भत्ता आणि प्रवासखर्च एकत्र मांडून पाहावेत.

किमान वेतनाचे मात्र उलट आहे. ते कामाच्या जागेवरून ठरते. दिल्लीत राहणाऱ्या पहारेकऱ्यास हरियाणातील कामाबद्दल हरियाणाचाच दर लागू होतो.

याहून मोठी गोष्ट कामाच्या हक्काची. हरियाणाने तीस हजार रुपयांपर्यंतच्या खाजगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखणारा कायदा केला. तो २०२२ मध्ये अमलात आला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. परप्रांतात अन्न मिळविणाऱ्या आपणांस या निर्णयाचे मोल निराळे सांगावयास नको. मात्र आपल्या मूळ प्रांतात येणाऱ्या परक्यासही तोच न्याय लागू आहे, याचे भान आपण ठेवावे, एवढीच विनंती.