पाणी कुठवर, पाणी किती



26 जुलै 2005.
मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.
म्हणजे जवळजवळ एक मीटर!
त्यातच समुद्राला भरती होती.
मिठी नदीचं पाणी कुर्ला, कलिन्यातल्या घरांत शिरलं.

अशा पुराचा नकाशा कसा काढतात?
त्यासाठी दोन प्रश्न विचारायचे.
पाणी कुठवर पसरलं?
आणि पाणी किती खोल होतं?

पाणी कुठवर, हे उपग्रह सांगतो.
रडारचा उपग्रह ढगांतूनही पाहतो.
पण इमारतींच्या गर्दीत त्याला पाणी ओळखणं अवघड जातं.
तिथे पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली गाळाची रेघ कामी येते.

आता दुसरा प्रश्न, पाणी किती खोल?
पाण्याची पातळी घ्यायची.
त्यातून त्या जागेच्या जमिनीची पातळी वजा करायची.
उरते ती पाण्याची खोली.
म्हणूनच सखल असलेला अंधेरी सबवे लवकर भरतो.

मिठी, ओशिवरा, पोईसर, दहिसर.
उपनगरांतल्या या नद्यांसाठी असे नकाशे फार मोलाचे आहेत.
2020 मध्ये मुंबईत ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा प्रणाली सुरू झाली.
पाऊस, भरती आणि जमिनीचा उंचसखलपणा यांचा मेळ घालून
ती पुराचा अंदाज आधीच देते.

श्रोतेहो, एक विनंती.
पाणी ओसरलं की भिंत लगेच पुसू नका.
आधी पट्टी लावून रेघेची उंची मोजा.
फोटो काढा.
जागा आणि तारीख लिहून ठेवा.
पाणी कुठवर आलं, किती खोल होतं,
याची तुमची नोंद पुढच्या पावसाळ्यात शेजाऱ्यांना सावध करेल.