संघटनेचे दप्तर कोणी सांभाळावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत कोलकाता येथे दिलेले भाषण)



व्यापारी संघटनांच्या कारभारावर बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस थोडा संकोच वाटला. आम्ही केवळ बी. ए.; व्यवस्थापनशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु केंद्र सरकारच्या नोकरीत अशा संघटनांची शिष्टमंडळे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. शिवाय मंडळाच्या सभागृहाची व हिशेबाची व्यवस्था पगारी माणसांकडे द्यावी काय, या प्रश्नावर गेल्या सर्वसाधारण सभेत जी खडाजंगी झाली, ती आम्ही मागच्या रांगेत बसून ऐकली आहे. तेव्हा हा विषय आम्हांला कोणत्या हेतूने दिला गेला, हे न कळण्याइतके आम्ही भोळे नाही!

या विषयाचा जुना धडा याच शहरात आहे. नेताजी सुभाष रस्त्यावरील, म्हणजे पूर्वीच्या क्लाइव्ह स्ट्रीटवरील, रॉयल एक्स्चेंजची इमारत आपण पाहिली असेल. १८५३ साली स्थापन झालेल्या बेंगॉल चेंबर ऑफ कॉमर्सची ती कचेरी. चहामळेवाल्यांची इंडियन टी असोसिएशन १८८१ मध्ये निघाली, तागगिरण्यांची संघटना १८८४ मध्ये आणि कोळशाच्या खाणवाल्यांची १८९२ मध्ये. तिन्ही धंद्यांच्या अडचणी निराळ्या. परंतु सभांची इतिवृत्ते, पत्रव्यवहार, वर्गणीची वसुली आणि सरकारकडे जाणारी निवेदने ही कामे चेंबरचेच चिटणीस-कार्यालय पाहत असे. स्वतंत्र चिटणीस, कारकून व हिशेबनीस ठेवणे लहान संघटनेला परवडत नाही. अनेकींनी मिळून ठेवले तर परवडते. अमेरिकेत पुढे याचाच स्वतंत्र धंदा झाला. शिकागोत १९४९ साली निघालेल्या स्मिथबकलिनसारख्या कंपन्या एका छपराखाली अनेक संघटनांचा कारभार मोबदला घेऊन चालवितात. अधिवेशने भरवितात, नियतकालिके काढतात, सभासदांची नोंद ठेवतात.

कोलकात्याच्या तागगिरण्यांनी १८८६ मध्ये कामाचे तास एकमताने कमी करून उत्पादन आटोक्यात ठेवण्याचा करार केला, तो अशा शिस्तबद्ध कार्यालयाच्या बळावरच. (आज एखाद्या चिटणीसाने असा करार लिहिला, तर २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली त्याच्या संघटनेला नोटीस येईल. चांगला चिटणीस सभासदांना हेही वेळीच सांगतो.) मात्र त्या कार्यालयाची दुसरी बाजू विसरता येत नाही. ते ज्यांचे होते, त्यांचेच हित पाहत होते. देशी व्यापाऱ्यांना तेथे आपला आवाज उमटेना, म्हणून १८८७ मध्ये बेंगॉल नॅशनल चेंबर निघाले आणि १९२५ मध्ये घनश्यामदास बिर्लांच्या पुढाकाराने इंडियन चेंबर. कार्यालय कितीही कुशल असले, तरी त्याचा धनी कोण, हा प्रश्न उरतोच.

आता आमच्या अनुभवातील एक गोष्ट सांगतो. २००४ च्या सुमारास आम्ही दिल्लीत एका मंत्रालयात होतो. एका लहान धंद्यासंबंधीच्या नियमांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध झाला आणि हरकतींसाठी मुदत दिली गेली. त्या धंद्यातील कारखानदारांच्या संघटनेला आम्ही पत्रही पाठविले. मुदत संपली, काहीच आले नाही. 'मुदतीत हरकत प्राप्त झाली नाही' असा शेरा आम्हीच आमच्या हाताने लिहिला. नियम लागू झाल्यावर महिन्याभराने चार वयस्क गृहस्थ आमच्यासमोर येऊन बसले. आमचे पत्र तीन वर्षांपूर्वीच्या मानद चिटणीसांच्या दुकानी गेले होते आणि तेथे बिलांच्या गठ्ठ्यात पडून राहिले होते. चिटणीस दरवर्षी बदलत, पत्ता मात्र कोणीच बदलला नव्हता. त्यांच्या हरकती रास्त होत्या. त्यातील एक तर इतकी साधी होती, की वेळेवर आली असती तर आम्ही स्वतःच मसुद्यातील एक ओळ बदलण्याची शिफारस केली असती. ते गृहस्थ आम्हांस दोष न देता चहा पिऊन निघून गेले, याचे आम्हांस अजून वाईट वाटते.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका संघटनेचा पगारी सचिव आला होता. त्याने आमच्यापुढे आमच्याच खात्याची नऊ वर्षांपूर्वीची पत्रे तारखेवार मांडली. आमच्या दप्तरात त्यांतील दोन सापडत नव्हती! अध्यक्ष येतात आणि जातात. संघटनेची स्मरणशक्ती कार्यालयात राहते.

मानद सेवेचा आम्ही उपहास करीत नाही. पुण्यात १९३४ साली आ. रा. भटांच्या पुढाकाराने मराठा चेंबर उभे राहिले, ते पगाराच्या हिशेबाने नव्हे. परंतु आजचा पसारा केवळ उत्साहाने आवरत नाही. संघटना आणि तिचे सभासद यांच्यातील देवघेवीवर कर लागतो काय, एवढा एकच प्रश्न घ्या. कलकत्ता क्लबच्या प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने क्लबाच्या बाजूने निकाल दिला. २०२१ च्या वित्त कायद्याने जीएसटीपुरती ती वाट २०१७ पासून पूर्वलक्षी रीतीने बंद केली. आणि वाद पुन्हा न्यायालयांत गेला. संध्याकाळी नोकरीवरून दमून येणाऱ्या मानद कोषाध्यक्षाने हे सारे कधी वाचावे?

आमचे मत आपण विचारलेच आहे, तर स्पष्ट सांगतो. सभागृहाची नोंदणी, पावत्या, विवरणपत्रे आणि वर्गणीची स्मरणपत्रे खुशाल पगारी व्यवस्थेकडे द्यावीत. गणेशोत्सवात काय व्हावे, कोणाला व्याख्यानास बोलवावे, अडचणीतील कुटुंबाला किती मदत द्यावी, हे मात्र कार्यकारिणीनेच ठरवावे. करार एका वर्षाचा असावा, बँकेच्या खात्यावर मंडळाच्या दोन पदाधिकाऱ्यांच्याच सह्या असाव्यात आणि व्यवस्थापक बदलला तरी सर्व नोंदी, इतिवृत्ते व सभासदांची यादी मंडळाचीच राहील, हे कलम अगदी पहिले असावे.

इतिवृत्तांवरून आठवले. मंडळाच्या पहिल्या अकरा वर्षांची इतिवृत्ते एका माजी कार्यवाहांच्या घरी माळ्यावरील लोखंडी ट्रंकेत आहेत, असे आम्ही ऐकतो. वहिनींनी ती दोन घरे बदलताना सोबत नेली. करारावर सही होण्यापूर्वी ती ट्रंक खाली काढावी. येत्या रविवारी सकाळी आम्ही मोकळे आहोत. हाताशी आणखी दोन तरुण मिळाले तर बरे, कारण ट्रंक जड आहे म्हणतात.