बेसावध कोण?

(लवळे येथे वस्तीतल्या तरुणांसमोर केलेले भाषण)



हा माझा डावा हात. मोजा बोटं. चारच भरतील. अंगठा 2024 च्या पावसाळ्यात पिरंगुट रस्त्याच्या एका फर्निचरच्या शेडमध्ये राहिला. मी इथं रडगाणं गायला उभा नाही. एका शब्दाचा पंचनामा करायला उभा आहे. तो शब्द 'बेसावध'.

गोल करवतीवर पट्टी चिरत होतो. चिरताना काप मिटला की पात्याचे मागचे दात फळीला धरतात, फळी उसळते, हात पात्यावर जातो. पापणी लवायच्या आत. हे होऊ नये म्हणून पात्यामागे एक उभी पट्टी असते, ती काप मिटू देत नाही. पात्यावर गार्ड असतं. फळी रेटायला काठी असते. आमचं गार्ड पोटमाळ्यावर धूळ खात होतं. शेठ म्हणायचा, गार्डनं काम हळू होतं. बारा तास उभं केलेलं माणूस, वर ऑर्डर अर्जंट. आणि रक्त सांडल्यावर पहिला शब्द काय? "लक्ष कुठं होतं रे तुझं?"

मीही मान खाली घातली! मार खायचा आणि वर आपणच ओशाळायचं, ही आपल्या हाडात मुरवलेली सवय. शेठनं दवाखान्याचं बिल भरलं, दहा हजार हातात टेकवले, कागदावर सही घेतली. मला वाचता येतं. तरी न वाचता सही केली.

पुढं एका वकील मित्रानं 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा दाखवला. त्यात कामगाराच्या नुसत्या बेसावधपणाची सबब मालकाला नाही! तो नशेत होता, सुरक्षेचा हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडला, किंवा गार्ड मुद्दाम काढलं, असलं काही मालकानं सिद्ध करायचं. हक्क सोडल्याची सही कायद्यात रद्दी. फॅक्टरीच्या कायद्याला आमचा सात माणसांचा शेड लहान पडतो. भरपाईचा कायदा माणसं मोजत नाही, तिथं माल विजेवर बनतो का तेवढं बघतो.

आणि अंगठ्याचा भाव? परिशिष्टात लिहिलाय : 30 टक्के. माझं वय 25, पगार 15,000. त्याचे साठ टक्के 9,000, गुणिले वयाचा आकडा 216.91, त्याचे तीस टक्के. 5,85,657 रुपये. एकलव्याचा अंगठा दक्षिणेत गेला, माझा दहा हजारांत जाणार होता. दावा टाकलाय. निकाल लागायचाय.

7 जून 2021 ला आपल्याच मुळशीत, उरवड्याला कारखाना जळाला. 17 कामगार गेले, त्यात 15 बाया. तेव्हा वर्तमानपत्रं धावली. एका बोटासाठी कोण धावतं? बोट गेलेला पोरगा गुपचूप गावी जातो, त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. गल्ल्यावर शेठचा भाचा, करवतीवर आपली, कातकऱ्यांची, बिहारची पोरं. जात ही कामाची नव्हे, कामगारांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 साली सांगितलं. मी ते आधी पुस्तकात वाचलं, मग शेडमध्ये पाहिलं.

तेव्हा दोस्तांनो, ध्यानात ठेवा. अपघात झाला की त्याच दिवशी मशीनचा फोटो काढा, गार्ड नसलेला. दवाखान्याच्या कागदावर 'कामावर, करवतीने' असं लिहूनच घ्या. पगाराचा पुरावा जपा. मालकाला लेखी कळवा. दावा दोन वर्षांच्या आत. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, पण भरपाईचा हक्क तिथंही आहे.

आणि उद्या सकाळी कामावर गेलात की एकट्यानं नाही, सगळ्यांनी मिळून विचारा : गार्ड कुठंय? गार्ड बसल्याशिवाय बटण दाबायचं नाही. ज्यानं ते पोटमाळ्यावर टाकलं तो बेसावध नव्हता. त्याला हिशेब पक्का ठाऊक होता. आता आपणही करू.

जय भीम!